तुम्ही विचारलंत म्हणून: तो फुलांचा चहा

हो, पिते. तो कॅमोमाइल नावाच्या फुलांचा चहा अजूनही पिते. रात्री साडेनऊला एक पिशवी, उकळतं पाणी, वर बशी झाकून पाच-सात मिनिटं. साखर नाही, दूध तर नाहीच. (पहिल्या दिवशी मी दूध घातलं होतं. जर्मनीहून लेकीनं कपाळावर मारलेला हात मला फोनवर ऐकू आला.)

पुढचा प्रश्न ठरलेला. ‘काकू, खरंच झोप लागते का हो? आमच्या आईला देऊ का?’ मी विषय बदलते आणि तुम्हाला वाटतं, हिला शिंगं फुटली. कारण हीच बाई २०१७ साली ग्रुपवर कॅमोमाइलचे बारा फायदे टाकत होती. तो मेसेज तुमच्यापैकी कुणी ना कुणी दर दिवाळीत मलाच परत पाठवतं. तर एकदाच सांगते.

त्या बारांतले निम्मे मी कुठून उचलले होते, देव जाणे. झोपेचं म्हणाल, तर मिशिगनमध्ये जुनाट निद्रानाशाच्या ३४ जणांवर चाचणी झाली होती, ती २०११ साली छापून आली. २८ दिवस काहींना कॅमोमाइल, काहींना औषध नसलेल्या, नुसत्या दिसायला तशाच गोळ्या. झोपेत म्हणावा असा फरक दिसला नाही. सतत काळजीनं पोखरलेल्यांचं चित्र जरा बरं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या २००९ च्या चाचणीत ५७ जण होते, आठ आठवड्यांत अर्क घेणाऱ्यांची चिंता जास्त उतरली. पण तो अर्क, कॅप्सूलमधला. कपातला चहा नव्हे.

हे सगळं मी नंतर वाचलं. आधी वाचलं असतं तरी दिलाच असता, एवढं मी स्वतःला ओळखते.

मामंजी गेल्यावर सासूबाईंची झोप उडाली. रात्री दोनला देवघरात बसून असायच्या. हृदयाची झडप बदललेली, रक्त पातळ करायची वॉरफरिनची गोळी चौदा वर्षं चालू. मेथी-पालकसुद्धा बेतानं, हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही पाठ. झोपेची गोळी त्यांना नको होती. लेकीनं आणलेली खोकी माझ्याकडे होतीच. तिकडे जर्मनीत पोट दुखलं, घसा धरला, की घरमालकीण पहिल्यांदा हाच चहा पुढे करते. मी एक कप दिला. चार दिवसांनी त्या म्हणाल्या, ‘अगं, आज पाच वाजेपर्यंत जागच आली नाही.’ मग दुपारचाही एक सुरू झाला. मी काय खूश होते म्हणून सांगू!

तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या हातावर मनगटापासून वरपर्यंत जांभळा डाग दिसला. ‘देवघराची कड लागली असेल,’ त्या म्हणाल्या. मी तेल लावलं. तेल! चौदा वर्षं त्या गोळीसोबत राहणाऱ्या घरातली बाई मी, आणि डागावर तेल चोळत होते. दोन दिवसांनी पहाटे उशीचा अभ्रा लाल. नाकातून रक्त, थांबेना. हॉस्पिटलात आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय त्याचा आकडा, काढला तर ७.२. त्यांचा अडीच ते साडेतीनच्या मध्ये हवा.

डॉक्टरांनी विचारलं, नवीन औषध? दाढेसाठी पाच दिवस अँटिबायोटिक झालं होतं, ते सांगितलं. काढा, चूर्ण, आयुर्वेदिक काही? मी म्हणाले, ‘नाही.’

खोटं बोलले का? तेव्हा मला तसं वाटलं नाही. चहा म्हणजे औषध थोडंच, असं मनात आलं. पण घशात काहीतरी अडकलं होतं, हेही खरं. तेवढ्यात नाकाशी कापूस धरून खाटेवरून सासूबाई बोलल्या, अगदी कौतुकानं, ‘आमची सून देते ना फुलांचा चहा. गुणाचा आहे हो.’

डॉक्टरांचं पेन थांबलं. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही, फक्त किती कप ते विचारलं.

गोळी बंद, रक्त गोठावं म्हणून व्हिटॅमिन के, तीन दिवस मुक्काम. घरी आल्या. नणंदबाईंनी एकदाच म्हटलं, ‘तुझा तो चहा,’ आणि पुढचं वाक्य गिळलं. मी बाजू मांडली असती. दाढेच्या गोळ्यांनीही आयएनआर चढतो, डॉक्टर म्हणाले होते, दोन्हींपैकी काय ते सांगता येणार नाही. मी पुष्कळ दिवस त्या अँटिबायोटिकला धरून बसले. मग कॅनडातल्या वैद्यकीय नियतकालिकात २००६ साली आलेली हकिगत सापडली: सत्तर वर्षांची बाई, वॉरफरिन, कॅमोमाइलचा चहा आणि लोशन, शरीराच्या आत रक्तस्राव. एका बाईवरून काही सिद्ध होत नाही. ठाऊक आहे मला. तरी त्या रात्री मी चहा प्यायले नाही.

माझं भांडण आहे ते त्या २०१७ च्या बाईशी. तिनं मेसेजात ठसक्यात लिहिलं होतं: यातलं एपिजेनिन नावाचं द्रव्य मेंदूत झोपेच्या गोळ्यांच्याच जागी जाऊन बसतं, पण ही गोळी नव्हे, निव्वळ फूल! अगं बाई, गोळीचं काम करतं म्हणतेस, मग गोळीत मोजत का नाहीस? ती म्हणते, म्हातारी झोपत होती ना तीन आठवडे? यावर माझ्याकडे उत्तर नाही. झोपत होत्या. चहानं, की रोज रात्री कुणीतरी अर्धा तास शेजारी बसत होतं म्हणून, कोण सांगणार?

म्हणून तुमच्या आईला द्या की नको, हे मला विचारू नका. त्या कुठल्या गोळ्या घेतात ते बघा, डॉक्टरांना ‘चहा’ हा शब्द उच्चारून विचारा. दसऱ्याच्या झेंडूनं, शेवंतीनं ज्यांना शिंका येतात त्यांनीही जपून, हे त्याच कुळातलं फूल.

सासूबाईंना आता जायफळाचं दूध देते. झोप बेताचीच. त्या झोपल्या असं वाटलं, की स्वयंपाकघराचं दार लोटून मी माझी पिशवी काढते.

‘वास येतोय गं,’ आतून आवाज येतो. ‘मला का नाही?’