ओटिस स्पॅनचा पियानो कुठे असायचा?

शिकागोत २१२०, साउथ मिशिगन अव्हेन्यू या पत्त्यावर मी जेमतेम तासभर होतो आणि त्यातला निम्मा वेळ माझी चिडचिड होत होती. हे चेस रेकॉर्ड्स या ध्वनिमुद्रण कंपनीचं जुनं घर. १९५७ ते १९६७ अशी दहा वर्षं या अरुंद जिन्याने वाद्यं वर गेली आणि गाणी खाली आली. आता इमारत गीतकार विली डिक्सन यांच्या नावाच्या संस्थेकडे आहे, आणि त्यांनी ती मनापासून जपली आहे. मला राग आला तो आमच्याबरोबरच्या मंडळींचा. १९६४ साली रोलिंग स्टोन्स हा ब्रिटिश रॉक बँड, ते लोक इथे ध्वनिमुद्रणाला आले होते. ते नेमके कुठे उभे राहिले, एवढंच सगळ्यांना हवं होतं. तिथे एकाचा फोटो, मग दुसऱ्याचा, मग जोडीने. मला विचारायचं होतं, पियानो कुठे असायचा? माझी पाळी येईपर्यंत वेळ संपली.

मी पेटी वाजवतो. साथीची. सांगली-मिरजेकडे भजनं, नाट्यगीतांचे कार्यक्रम, यात तीस वर्षं गेली. त्यामुळे कुणीही गात असलं तरी माझा कान आधी मागे जातो. २०११ साली वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत गिटारवादक बडी गाय यांना ऐकलं आणि ब्लूजचं, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या त्या गाण्याचं, वेड लागलं. त्या वाटेने चेसकडेच गाणाऱ्या मडी वॉटर्सपर्यंत पोचलो, आणि मडीच्या आवाजामागे ओटिस स्पॅनचा पियानो ऐकून जागीच थांबलो.

स्टेट स्ट्रीटवर मडीचं भलंमोठं भित्तिचित्र आहे, आठ-दहा मजले उंच. माणूस त्या उंचीचाच. मिसिसिपीतल्या स्टोव्हॉलच्या कापसाच्या मळ्यावर राबणारा, १९४३ साली शिकागोला आलेला. पण भिंतीवर तो एकटाच आहे, हे मला खटकलं. त्याचा बँड म्हणजे चार गावांचं पाणी होतं. जिमी रॉजर्स मिसिसिपीतल्या रूलव्हिलचा. लहानपणी तोंडाचा बाजा (माउथ ऑर्गन) वाजवायचा, इथे मडीशेजारी बसून गिटारीवर असं काही विणायचा की दोन गिटारींमधला सांधा दिसत नाही. पुढे त्याने गाणं सोडून कपड्यांचं दुकान काढलं. १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत ते जळालं. लिटल वॉल्टर लुइझियानाचा. पोरवयात घराबाहेर पडून गावोगाव भटकलेला. त्याच्या कानात लुई जॉर्डनचा सॅक्सोफोन होता, म्हणून तळहातात मायक्रोफोन आणि बाजा एकत्र धरून फुंकायला लागला की तो चिमुकला बाजा भरदार बोलायचा. नंतर आलेला ड्रमर फ्रान्सिस क्ले तर मूळचा जॅझवाला. आणि विली डिक्सन, ज्याच्या गाण्यांनी या सगळ्यांना पोसलं, तो आधी मुष्टियोद्धा. चर्चच्या गाण्यांत खर्ज लावणारा. त्याचं पहिलं वाद्य म्हणजे पत्र्याच्या डब्याला ताणलेली एक तार.

पियानोवर ओटिस स्पॅन, मिसिसिपीतल्या जॅक्सनचा. आई गिटार वाजवायची, सावत्र वडील धर्मोपदेशक. घरात देवाचं गाणंही होतं आणि बाहेरचंही.

साथ करणाऱ्यांना सांगायला हवं असं एक आहे. मडी लयीच्या किंचित मागे बसून गायचा. बारा मापांचं आवर्तन पुढे जातंय आणि शब्द मात्र रेंगाळतोय. नवख्या साथीदाराची इथे दांडी गुल होते. तो धावून पुढे जातो नाहीतर गायकाच्या मागे फरफटतो. स्पॅनचा डावा हात ठेका सोडत नाही, आणि उजवा हात ओळ संपायची वाट बघतो. मडीचा श्वास जिथे तुटतो, तिथे तो वरच्या सप्तकात एक थरथरता स्वर सोडतो आणि पुढचा शब्द यायच्या आत बाजूला होतो. इतका वेळेवर की गायकाला वाटावं, आपणच दोन आवाजांत गातोय. ही जागा मी रात्री हेडफोन लावून, मांडीवर बोटं चालवून कितीदा शोधली असेन. मला अजून येत नाही.

मधले चार दिवस तळं, म्युझियम आणि पुतणीच्या मैत्रिणींकडची जेवणं यात गेले.

रविवारी पुतणीने विचारलं, "काका, आज कुठे जायचं?"

मी म्हटलं, "ॲल्सिपला. दफनभूमीत."

तिने एकदा माझ्याकडे बघितलं, पण गाडी काढली. रेस्टव्हेल दफनभूमीत मडीची कबर आहे, दगडावर खरं नाव, मॅकिन्ली मॉर्गनफील्ड. तिथून जवळच बर ओक दफनभूमी. स्पॅन तिथे आहे. १९७० च्या एप्रिलमध्ये तो गेला आणि जवळजवळ तीस वर्षं त्याच्या कबरीवर दगडच नव्हता. नाव नाही, काही नाही. १९९९ मध्ये ब्लूजच्या चाहत्यांनी पैसे गोळा केले, तेव्हा कुठे तो बसला. सगळ्यात खोलवरचे ब्लूज यानेच वाजवले, अशा अर्थाची ओळ त्यावर आहे. ती वाचून मला पुढचं काही नीट दिसेना. फुलंसुद्धा नेली नव्हती. इतक्या लांबून येऊन रिकाम्या हाताने उभा राहिलो, हे अजून टोचतं. तुम्ही गेलात तर आधी फुलं घ्या.

"हा गायचा पण का?" पुतणीने विचारलं.

"गायचा ना. तुला ऐकवतो."

१९६० च्या जुलैत न्यूपोर्टच्या जॅझ महोत्सवात बाहेर दंगल झाली आणि पुढचे कार्यक्रम रद्द झाले. शेवटच्या दुपारी मडीचा बँड वाजवत होता. कवी लँग्स्टन ह्यूज यांनी जागेवरच निरोपाचं गाणं लिहून दिलं, आणि ते मडीने नाही, स्पॅनने गायलं. आवाज जरा घोगरा, घाई अजिबात नाही. फोनवर ते लावून आम्ही गवतात बसलो. ऐकताना माझ्या लक्षात आलं, स्वतः गातानाही तो ओळ संपली की थांबतो आणि पियानोला जागा देतो.

"काका, परत लाव," ती म्हणाली.