दोन पायऱ्यांमधली वाट

सासवडच्या तळावर ज्ञानेश्वर माउलींची पालखी पोचली तेव्हा माझ्या डाव्या टाचेला मोठा फोड आला होता आणि मला फक्त खाली बसायचं होतं. योगिनी एकादशीचा दिवस. पोटात केळी आणि शेंगदाण्याचा लाडू, मागे पुण्यापासूनची तीस किलोमीटरहून जास्त वाट आणि भर उन्हातला दिवे घाट. पण समाज आरती झाल्याशिवाय बसायचं नसतं. साऱ्या दिंड्या पालखीभोवती गोल उभ्या राहिल्या होत्या, टाळ इतके जोरात चालले होते की शेजारच्याशी बोलणं अशक्य. मग चोपदारांनी हातातला दंड, म्हणजे चोप, उंच धरला आणि ‘होऽऽ’ अशी लांब हाळी दिली. टाळ थांबले. सगळेच्या सगळे, एकदम. पलीकडे कुठेतरी टँकरचं पाणी बादलीत पडत होतं, तेवढं ऐकू आलं.

एक दिंडी मात्र टाळ वाजवतच राहिली. मला वाटलं, त्यांना हाळी ऐकू गेली नसावी. आमच्या इमारतीतल्या काकांनी कानाशी येऊन सांगितलं, त्यांची काहीतरी तक्रार आहे. ज्याला गाऱ्हाणं मांडायचं त्याने टाळ थांबवायचे नाहीत, ही इथली रीत. चोपदार तिकडे गेले, ऐकून घेतलं, तोडगा निघाला आणि मग तेही टाळ शांत झाले. त्यानंतर हरवलं-सापडलं पुकारलं गेलं. कुणाचा चष्मा, कुणाची पिशवी, कुणाचा मोबाइल. लाखांच्या मेळ्यात एका चष्म्यासाठी सगळे उभे राहून ऐकत होते. मग आरती झाली. टाचेची आठवण मला आरतीनंतर आली.

मला फिरण्याची फार आवड. लडाख झालं, केरळ दोनदा झालं, साठवलेले पैसे घालून एकदा युरोपही झालं. त्या सगळ्या प्रवासांबद्दल माझ्या मनात प्रेम आहे, पण एक गोष्ट मला नेहमी सलायची. सुख व्हावं म्हणून निघालं की दिवसभर लक्ष त्या सुखावरच राहतं. खोली बरी आहे ना, पैसे वसूल होतायत ना, मुलांना आवडतंय ना. दर संध्याकाळी मनाशी हिशेब मांडायचा आणि काहीतरी कमी पडलंय असं वाटून झोपायचं. हे काका तीसेक वर्षं माउलींच्या पालखीबरोबर चालतायत. मी त्यांना एकदा हे सगळं सांगितलं. त्यांनी उत्तर दिलं नाही, एवढंच म्हणाले, “भिशी भर आणि ये.” भिशी म्हणजे दिंडीतल्या जेवणाखाण्याचे, तंबूचे पैसे. २०२३ साली मी ती भरली.

प्रस्थानाच्या दिवशी आळंदीत देवळात शिरताना आधी हैबतबाबांची पायरी लागते. हैबतबाबा आरफळकर सातारा भागातले, शिंद्यांच्या पदरी सरदारकी केलेले. आज दिसतो तो पालखी सोहळा एकोणिसाव्या शतकात त्यांनी बसवला. दिंड्यांचे क्रम, रथाच्या पुढचे कोण, मागचे कोण, कुठल्या वेळी कुठले अभंग, बेळगावकडच्या अंकलीहून शितोळे सरकारांकडून येणारे घोडे, सगळ्याला घडी आहे. लष्करात राहिलेल्या माणसाचा हात त्यात कळतो. आणि एवढं सारं उभं करणाऱ्याची समाधी कुठे, तर माउलींच्या दाराशी, पायरीत. त्या दारातून आत जाणाऱ्यांची वाट तिच्यावरून जाते. त्या संध्याकाळी गर्दीने लोटत नेलं म्हणून मी वाकलो. तेव्हा मनात फारसं काही नव्हतं.

त्या वर्षी पाऊस वेळेवर आलाच नाही. जून निम्मा सरला तरी आभाळ कोरडं. दिंडीत बहुतेक शेतकरी, त्यामुळे चालताना, जेवताना, रात्री तंबूत पडल्यावर बोलणं पावसाचंच. माझ्या मागे परभणीकडच्या एक आजी चालायच्या, डोईवर तुळस, पायात झिजलेली स्लिपर. (दिंडीची रांग ठरलेली असते. पुढे पताका, मग टाळकरी आणि मृदंग, त्यांच्या मागे वीणा आणि मग तुळस घेतलेल्या बाया. मला टाळ येत नव्हते, म्हणून वीणेकऱ्यांच्या मागे जागा मिळाली.) जेजुरीच्या वाटेवर मी त्यांना विचारलं, “आजी, पेरणीचं काय?”

“नाही झाली अजून. पाऊस आला की पोरं पेरतेत. म्या घरी बसल्यानं का पाऊस लौकर येणारंय?” मग थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, “तुला रान किती हाय?”

रान नाही म्हणालो.

“मग एवढं काय घेऊन चाललास लेकरा?”

त्या माझ्या पाठीवरच्या सॅकबद्दल बोलत होत्या. दोन पाण्याच्या बाटल्या, औषधं, छत्री, जास्तीचे बूट, पॉवर बँक. दुसऱ्या दिवशी वाल्ह्याला सॅक ट्रकमध्ये टाकली. त्यानंतर पाणी लागलं की हात पुढे करायचो आणि कुणीतरी पाणी द्यायचं. पहिले दोन दिवस मागायला जड गेलं. वारीत मला सगळ्यात कठीण गेलं ते हेच, चालणं त्या मानाने सोपं होतं. भाकरी देणाऱ्या बाईच्या पाया पडायला वाकावं तर ती आधीच माझ्या पाया पडलेली असायची. “घ्या माउली.” कुठले तुम्ही, काय करता, काही नाही. इतक्या दिवसांत माझा हुद्दा कुणी विचारला नाही आणि तो सांगायची इच्छा केव्हा गेली, ते मलाही कळलं नाही.

नीरेच्या अलीकडे वीणेकरी महाराजांनी सेना महाराजांचा अभंग धरला, ‘जाता पंढरीसी सुख वाटे जीवा’. लहानपणापासून ऐकलेला. त्या दिवशी दोन शब्दांनी मला अडवलं. पहिला ‘जाता’. पोचल्यावरच्या भेटीचा आनंद पुढे येतोच, पण जिवाला सुख जातानाच वाटू लागतं. दुसरा शब्द अभंगाच्या अगदी शेवटी येतो, ‘विश्रांती’. यापरती विश्रांती जिवाला मिळत नाही, म्हणतात सेना महाराज. फोड फुटलेले, मांड्या भरून आलेल्या, तळपायाखाली डांबर तापलेलं, आणि शेकडो माणसं विश्रांती मिळाल्याचं गातायत.

विसाव्याला झाडाखाली मी काकांना विचारलं, यात विश्रांती कुठली? ते पायाला तेल चोळत होते. म्हणाले, “सकाळी किती वाजता उठायचं, हे आज तू ठरवलंस?”

“नाही.”

“कुठे थांबायचं, काय खायचं, कुणाशेजारी झोपायचं?”

“नाही.”

“मग कशाने दमलास?”

मी म्हटलं, पाय दमले. ते हसले, “पाय दमणारच रे. तू दमलायस का ते विचारतोय.”

मी खरंच दमलो नव्हतो. नीरेच्या दत्तघाटावर माउलींच्या पादुकांना स्नान घातलं तेव्हा मी गर्दीतल्या कमरेएवढ्या पोरासारखा पुढे घुसलो आणि उडालेलं पाणी डोळ्यांना लावलं. ते मी फोटोत घेतलं नाही. घ्यायचं सुचलंच नाही.

रिंगणांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे, मी त्यात भर घालत नाही. स्वाराचा अश्व पुढे, माउलींचा मोकळा अश्व मागे, त्या मोकळ्या पाठीवर कुणीतरी बसलेलं आहे यात माझ्याभोवती कुणालाही शंका नव्हती आणि घोडा समोरून गेला तेव्हा मलाही नव्हती. आजींनी टापांखालची माती पदराच्या टोकाला बांधली. शेतात टाकायची म्हणाल्या.

वेळापूर सोडल्यावर पहिला शिडकावा झाला. सगळी दिंडी रस्त्यात थांबून नाचली. काही बाया रडत होत्या.

पंढरपुरात पदस्पर्शाची रांग फार लांब होती. मी महाद्वारात नामदेव पायरीपाशी थांबलो. संतांचे पाय लागावेत म्हणून नामदेव महाराजांनी पायरी होऊन राहणं मागितलं, असं परंपरा सांगते. डोकं टेकवताना आळंदीची पायरी आठवली. एवढ्या वाटेच्या दोन्ही टोकांना, लोकांच्या पायांखाली, एकेक माणूस आपण होऊन निजलेला आहे. समोरच चोखोबांची समाधी आहे आणि तिथे मन असं सरळ राहत नाही. नामदेवांनी दाराशी राहणं मागून घेतलं, चोखोबांना दाराबाहेर ठेवलं गेलं. साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं, तेव्हा कुठे १९४७ साली ते दार सगळ्यांसाठी उघडलं. वाटेवर सगळे माउली, हे मी अनुभवलं आहे आणि ते खरं आहे. चोखोबांसमोर उभं राहिलं की ते किती उशिरा खरं झालं आणि गावागावांत अजून किती व्हायचंय, तेही कळतं. मी तिथे बराच वेळ उभा राहिलो.

बहुतेक लोक एकादशी करून निघून जातात. आजींनाही पोरांचा फोन आला होता, तिकडे पाऊस लागला होता. एसटी स्टँडवर मी त्यांना गाडीत बसवलं. त्यांनी खिडकीतून माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. पदराची गाठ तशीच होती.

मी पौर्णिमेपर्यंत राहिलो. गोपाळपूरला काला झाला, अनोळखी हातांनी तोंडात लाह्या-दही भरवलं आणि त्या दुपारी माउलींची पालखी परत आळंदीला निघाली. परतवारीला फार माणसं नसतात. येताना केलेली वाट निम्म्याच दिवसांत तुडवायची असते. कमानी उतरलेल्या, स्वागताच्या फलकांचे दोर लोंबणारे, मंडप गेलेले. मला वेळापूरपर्यंतच रजा होती. दुसऱ्या दिवशी सकाळी बाजीरावांच्या विहिरीजवळून गेलो. जिथे माणसांच्या भिंती उभ्या होत्या, तिथे मोकळं माळरान आणि पावसाने बसलेली धूळ.

पुढे रस्त्याकडेच्या रानात एकजण थोड्याशा ओलीवर तिफण धरून होता, मागे त्याची बायको चाड्यावर मूठ सोडत होती. पालखी पाहून त्याने बैल थांबवले, बांधावरून उतरून आला. दोन्ही हातांना माती होती. ती धोतराला पुसावी का, असं क्षणभर त्याने पाहिलं आणि तसेच हात जोडले. पालखीजवळ वाकला, मग मागे चालणाऱ्या आमच्या आठ-दहा जणांच्या पायांना एकेक करून शिवला. मीही वाकलो. “माउली, धरली पेरणी,” तो म्हणाला आणि परत बांध चढून गेला.