दुखतं का गं फार?

गुडघा बदलल्यापासून घरी बघायला येणारा प्रत्येक माणूस खुर्चीत टेकायच्या आधी एकच विचारतो, दुखतं का गं फार? मी हो म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं, पण पेनकिलर जास्त घेऊ नकोस हं, किडनी जाते. दुखणं माझं, किडनी माझी, पण काळजी सांगलीतल्या अख्ख्या विश्रामबागला. म्हणून म्हटलं एकदाच काय ते सगळं लिहून टाकू.

ऑपरेशन मिरजेला झालं. डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये तिथं मिशनचा दवाखाना काढला तेव्हापासून हाड असो, डोळा असो, आपल्या भागातली गाडी मिरजेकडंच वळते, कर्नाटकातनं सुद्धा माणसं येतात. माझा दवाखाना कुठला ते लिहीत नाही, कारण ऑपरेशन झकास झालं पण डिस्चार्जच्या दिवशी गोळ्या समजावून सांगायला तिथं कुणाला वेळ नव्हता. कार्डावर १-०-१ (सकाळी-रात्री), १-१-१ (तिन्ही वेळा), एसओएस (लागली तरच) असं सगळं खरडलेलं आणि खाली सही. बाकी तुमचं तुम्ही बघा.

आता दुखण्याचं. ऑपरेशनच्या दिवशी खरं तर काहीच दुखत नाही! कमरेत इंजेक्शन दिलेलं असतं, वर मांडीत नसेच्या बाजूला ब्लॉक, म्हणजे पाय बधिर करायचं इंजेक्शन, दिलेला असतो, मी तर संध्याकाळी फोनवर सगळ्यांना सांगत होते की काही नाही हो, लोक उगाच घाबरवतात. ब्लॉक उतरतो रात्री कधीतरी, किंवा दुसऱ्या दिवशी, आणि तो उतरला की मग कळतं आत काय काय कापलंय ते. माझ्या नशिबानं रात्रपाळीची सिस्टर शहाणी होती, बधिरपणा कमी व्हायला लागला की लगेच बेल वाजवा मावशी, दुखायची वाट बघू नका, असं तिनं बजावून ठेवलेलं. टाचेला मुंग्या आल्या तशी मी बेल दाबली. शेजारच्या बेडवरच्या आजी मात्र सहन करत बसल्या आणि पहाटेपर्यंत कण्हत होत्या, त्यांना मग दोन इंजेक्शनं देऊन पण लवकर उतार पडेना.

कारण सरळ आहे. गोळी पोटात गेली की लागू पडायला अर्धा-पाऊण तास तरी जातो, आणि दुखणं एकदा वर चढलं की नसा जास्तच हुळहुळ्या होतात, मग तेवढ्याच गोळीत भागत नाही. दूध उतू गेल्यावर गॅस बारीक करून काय उपयोग. म्हणून सुरुवातीच्या दिवसांत गोळी घड्याळ बघून घ्यायची, दुखणं बघून नाही. आमच्या ह्यांनी जुन्या डायरीत पानं आखली, वेळ, गोळीचं नाव, सही (सही पण! आयुष्यभर ऑफिसात काढली त्यांनी) आणि ते पान फ्रिजला लावलं. रात्रीची गोळी चुकली की पहाटे फार दुखतं हे त्या पानावरनंच कळलं.

अजून एक, शून्य दुखेल ही आशा सोडून द्या. फिजिओवाली मुलगी रोज विचारायची, दहापैकी किती दुखतंय काकू? आता आपल्याला ही सवय नाही, आपण म्हणणार दुखतंय की जरा, किंवा फार नाही असू दे. मग तिनं प्रश्नच बदलला, पडून असताना किती आणि गुडघा वाकवताना किती? पडून तीन, वाकवताना आठ, तेव्हा कुठं तिला समजलं की मी व्यायाम का टाळते ते. त्या दिवसापासून व्यायामाच्या तासभर आधी गोळी. ती अकराला यायची, मी दहाला चपातीचा तुकडा आणि गोळी. वाकवताना चार-पाचवर आलं आणि टाच गादीवरून मागं सरकायला लागली. नवीन गुडघा सुरुवातीच्या आठवड्यांत हलवला नाही तर आखडतो, म्हणजे न दुखता नुसतं पडून राहिलात तर त्या एवढ्या पैशाच्या गुडघ्याचा उपयोग काय? आणि हो, गुडघ्याखाली उशी घेऊ नका. लई बरं वाटतं ते खरंय, पण पाय सरळ व्हायचा राहतो. उशी घ्यायचीच तर टाचेखाली. बर्फ मात्र पाहिजे तेवढ्या वेळा, फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं.

दवाखान्यातनं निघताना माझ्या दंडाला एक पॅच चिकटवलेला होता, बुप्रेनॉर्फिन नावाच्या जोरदार पेनकिलरचा, सात दिवस चालतो, सिस्टरनं त्याच्यावर पेनानं तारीख घालून दिलेली. दिसायला अगदी साधी पट्टी. आमच्या वन्सं इस्लामपूरहून आल्या, त्यांना वाटलं दंडाला मार लागलाय, आणि त्या प्रेमानं गरम पाण्याची पिशवी घेऊन आल्या की शेकायला. मुलगी ओरडलीच, आत्या थांब! त्या पॅचमधनं औषध कातडीवाटे थोडं थोडं आत जातं आणि उष्णता लागली की ते भराभर जायला लागतं, मग गुंगी येते, श्वास मंदावू शकतो. गरम पिशवी नको, हीटर नको, उन्हात दंड टाकून बसणं नको, ताप आला तर डॉक्टरांना फोन. कात्रीनं अर्धा कापून लावायचा नाही. काढला की चिकट बाजू आत घेऊन दुमडायचा आणि लहान मुलांच्या हाताला लागणार नाही असा टाकायचा. वन्सं जरा रुसल्या, पण शेकायची पिशवी मग स्वतःच्याच कमरेला लावून बसल्या.

पॅच निघाला आणि गोळ्यांचा खरा हिशेब सुरू झाला. कार्डावर दोन गोळ्या होत्या, एक पॅरासिटामॉल ६५० दिवसातनं तीनदा, दुसरी ट्रामाडॉलवाली (ही अफूच्या जातीची जोरदार पेनकिलर) दोनदा. मुलीनं स्ट्रिप उलटी करून बारीक अक्षर वाचलं तर ट्रामाडॉलवालीत पण पॅरासिटामॉल ३२५. म्हणजे १९५० आणि ६५०, झाले २६०० मिलिग्रॅम. इथपर्यंत ठीक. पण घरात ऑपरेशनच्या आधीची एक स्ट्रिप शिल्लक होती, अ‍ॅसिक्लोफिनॅकची, आणि ह्यांचं म्हणणं की ती तुला किती लागू पडायची, ती पण घे की एखादी. त्यातही ३२५! दिवसात दोन घेतल्या की ३२५० झाले. वर सर्दी झाली आणि मेडिकलमधनं सर्दीची गोळी आणली तर त्यातही पॅरासिटामॉल असतंच बहुतेक वेळा. मोठ्या माणसाला दिवसाला ४००० च्या वर जायचं नाही, आणि वय झालेलं, वजन कमी, लिव्हरचा काही त्रास असला तर डॉक्टर त्याच्याही खालीच ठेवतात. नाव वेगळं, रंग वेगळा, कंपनी वेगळी, आत माल तोच. त्यामुळं घरात कुठलीही नवीन स्ट्रिप आली की आधी मागची बाजू वाचायची.

आता किडनीवाल्या मंडळींसाठी. तुमचं अगदीच चूक नाही, पण सगळ्या पेनकिलर एका माळेत ओवू नका. किडनीला, बीपीला आणि पोटाला जपायला लागतं ते अ‍ॅसिक्लोफिनॅक, डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन ह्या जातीला. मला बीपीची गोळी चालू आहे, वर पायात गाठ होऊ नये म्हणून रक्त पातळ करायची गोळी, त्यात ही जुनी स्ट्रिप घेतली असती तर पोटात रक्तस्राव व्हायची भीती वाढते, म्हणून डॉक्टरांनी ती फोनवरच बंद सांगितली. शौच काळी डांबरासारखी झाली तर सकाळपर्यंत थांबू नका म्हणाले. पॅरासिटामॉल वेगळी, ट्रामाडॉल वेगळी, प्रत्येकीचं आपापलं दुखणं आहे.

ट्रामाडॉलचं दुखणं म्हणजे मळमळ, चक्कर आणि पोट गच्च! ह्याबद्दल कुणी बोलत नाही, लाजतात, पण गुडघ्यापेक्षा मला त्याचाच वैताग जास्त आला. कमोडच्या खुर्चीवर वॉकर धरून बसायचं, एक पाय पुढं ताठ, आणि बाहेर पाहुणे भडंग खात बसलेले. इसबगोल घेतलं, त्याच्याबरोबर पाणी भरपूर लागतं नाहीतर उलटंच होतं. तासगावचे बेदाणे रात्री भिजत घालून सकाळी पाण्यासकट खाल्ले, तरीपण शेवटी डॉक्टरांनी दिलेलं पातळ औषध घेतल्यावरच सुटका झाली. पहिल्या गोळीबरोबरच हे औषध मागून घ्या, चार दिवस थांबून बघू नका. झोप येत नाही म्हणून एका ओळखीच्यांनी स्वतःची झोपेची गोळी देऊ केली होती, ती ट्रामाडॉलवर अजिबात नको, दोन्ही मिळून श्वास दाबतात. दारूचं पण तेच.

हळदीबद्दल बोलले नाही तर सांगलीत राहता येणार नाही. हळद-दूध रोज घेतलं, आवडतं मला, झोप बरी लागते. पण पुण्याच्या भाच्यानं हळदीच्या अर्काच्या भारी कॅप्सूल पाठवल्या त्या डॉक्टरांनी रक्त पातळ करायच्या गोळीबरोबर नको म्हणून सांगितलं. त्या तशाच पडल्यात.

गोळ्या कमी करताना आधी ट्रामाडॉल कमी केली, सकाळची आधी सोडली, रात्रीची सगळ्यात शेवटी. एकदम तोडली नाही, डॉक्टरांनी तसंच सांगितलेलं. रोज थोडं थोडं कमी दुखतंय आणि मधेच एखादा दिवस जास्त, असं चालतं, बहुतेक आदल्या दिवशी जास्त चाललेलं असतं. पण पोटरी सुजून ठणकायला लागली, धाप लागली, ताप आला किंवा जखमेतनं पाणी आलं तर गोळी वाढवून बघायचं नाही, दवाखाना गाठायचा.

उरलेल्या ट्रामाडॉलवर शेजारच्या काकूंचा डोळा होता, माझी पण कंबर धरलीय, एक दे की. नाही दिली. २०१८ पासून ती गोळी अमली पदार्थांच्या कायद्यात आहे, मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय देत नाही ते काही उगाच नाही, आणि काकूंना फिट्सचा त्रास आहे, त्यात तर ही गोळी घातकच. त्यांना फिजिओवालीचा नंबर दिला.

सध्या रात्रीची एक पॅरासिटामॉल तेवढी राहिलीय. परवापासून जिना सुरू करायचाय, चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. आमच्या जिन्याला कठडा एकाच बाजूला आहे, दुसऱ्या बाजूला बसवायला वेल्डिंगवाल्याला सांगून ठेवलंय, तो उद्या येतो म्हणालाय.