डाळिंबाच्या गमीची नोंदवही: पेक्टिन जमलं, आता आंबटपणाकडे

भगवा जातीच्या डाळिंबाच्या रसाची, पेक्टिनने (फळांतला, जेली धरवणारा घटक) घट्ट केलेली चघळायची गोळी, म्हणजे गमी, आता साच्यातून अख्खी निघते, एप्रिल-मेच्या सोलापुरी उन्हाळ्यात ताटात ठेवली तरी पाघळत नाही आणि दाताला चिकटत नाही. जिलेटिनची गमी इथे चाळीस अंशांपुढे टिकत नाही, शिवाय जिलेटिन प्राणिजन्य, म्हणून ते सुरुवातीलाच बाद केलं. शेंगदाणा, सुका मेवा, दूध, गहू, सोया, तीळ यांपैकी काहीही नको, म्हणजे सगळ्या मुलांना एकाच ताटातून उचलता यावं, हा सगळा खटाटोप त्यासाठी.

कृतीच्या आधी भांडी. सोलापूरच्या स्वयंपाकघरात शेंगा चटणी नाही असं होत नाही आणि शेंगदाण्याचं प्रथिन उकळून किंवा भाजून नाहीसं होत नाही. मिक्सरच्या भांड्याचं वायसर आणि पात्याच्या खालची खाच इथे कूट हमखास अडकून राहतो. भांडं वरून लखलखीत दिसतं, वायसर काढून उलटं केलं की तपकिरी कड दिसते. म्हणून गमीसाठी मिक्सर वापरायचाच नाही. स्टीलचं जाड बुडाचं पातेलं, सिलिकॉनचा झारा, साचे आणि गाळायचं फडकं हे वेगळ्या डब्यात ठेवा. सिलिकॉनमध्ये तेल आणि वास धरून राहतात, त्यामुळे साच्याला शेंगदाणा तेलाचा हात लागला तर तो साचा या कामातून गेलाच. हात साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवायचे. सॅनिटायझरने जंतू मरतात, शेंगदाण्याचं प्रथिन हातावरच राहतं.

मिक्सर न वापरण्याला चवीचंही कारण आहे. पात्याखाली डाळिंबाच्या बिया फुटल्या की रस तुरट-कडवट होतो. दाणे फडक्यात बांधून हाताने पिळा. किलोभर फळातून साधारण 350 ते 400 मिली रस निघतो. सांगोला, पंढरपूर भागातला भगवा मिळाला तर रंगासाठी वेगळं काही घालावं लागत नाही. सोलापूर डाळिंबाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण मानांकन म्हणजे सेंद्रिय नव्हे. सेंद्रियसाठी पाकिटावर ‘जैविक भारत’चं चिन्ह बघा, किंवा शेतकऱ्याकडे एनपीओपी अथवा पीजीएस-इंडिया या सरकारी सेंद्रिय योजनांचं प्रमाणपत्र मागा. आमच्या डब्यावर ‘सेंद्रिय रस आणि सेंद्रिय साखर’ एवढंच लिहितो, कारण आम्ही वापरतो ते पेक्टिन आणि सायट्रिक ॲसिड सेंद्रिय नाही.

सध्याचं प्रमाण: रस 250 ग्रॅम, साखर 300 ग्रॅम, मक्याचं लिक्विड ग्लुकोज 100 ग्रॅम, हाय मेथॉक्सिल स्लो सेट पेक्टिन (भरपूर साखर आणि आंबटपणात, पण हळू धरणारं) 10 ग्रॅम, सोडियम सायट्रेट 2 ग्रॅम, आणि शेवटी घालायला 4 ग्रॅम सायट्रिक ॲसिड तेवढ्याच पाण्यात विरघळवून.

पेक्टिन आणि सायट्रेट 60 ग्रॅम कोरड्या साखरेत नीट मिसळून घ्या, मगच कोमट रसात हळूहळू भुरभुरा आणि ढवळत राहा. पेक्टिन एकटं टाकलं तर गुठळ्या होतात. त्या वरून भिजतात, आत कोरड्याच राहतात आणि नंतर कितीही उकळलं तरी सुटत नाहीत. दोन मिनिटं खळखळ उकळी, मग उरलेली साखर, मग ग्लुकोज. आता आटवायचं. थर्मामीटरपेक्षा इथे वजनकाटा भरवशाचा: रिकाम्या पातेल्याचं वजन आधी लिहून ठेवा आणि आतला ऐवज 550 ग्रॅमच्या आसपास आला की गॅस बंद. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळे पाणी साडेअठ्ठ्याण्णवच्या आसपास उकळतं. छापील कृतीत 107 अंश लिहिलं असेल तर आपल्याकडे ते साडेएकशेपाच. हा दीड अंश सोडून दिला की गमी चामड्यासारखी होते.

सायट्रिक ॲसिड शेवटीच घालायचं. आधी घातलं तर पेक्टिन भांड्यातच धरायला लागतं आणि साच्यात दाणेदार, फाटका लगदा उतरतो. डाळिंबाचा रस मुळातच आंबट आहे, सोडियम सायट्रेट लागतं ते याचसाठी, धरणं थोडं लांबवायला. ॲसिड घातल्यावर पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) पट्टीवर 3.3 ते 3.5 दिसायला हवा. त्याखाली गेलं तर दुसऱ्या दिवशी गमीला पाणी सुटतं, बरंच वर राहिलं तर धरतच नाही. गूळ घालायचा मोह बऱ्याच जणांना होतो. गुळातले क्षार आंबटपणा मारतात आणि पीएच वर सरकतो. शिवाय पिवळाधमक गूळ म्हणजे सल्फाइटची (रंग उजळवायला घालतात त्या रसायनाची) शंका, आणि तेही ॲलर्जीच्या यादीतलंच. साखरच बरी. ग्लुकोज कमी केलं तर चार-पाच दिवसांत साखरेचे खडे धरतात.

साच्यातून काढल्यावर जाळीखाली सुकवताना हंगाम बघा. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत वर कातडी धरते आणि आत ओल राहते, म्हणून सैल झाकण ठेवा. पावसाळ्यात उलट: दिवसभरात डबाबंद नाही केली तर चिकट होते.

आता मुलांकडून चवीची चाचणी. चव घेण्याआधी प्रत्येकाच्या पालकांकडून ॲलर्जी लेखी घ्या. पाकिटावर सांगावीच लागणाऱ्या ॲलर्जीकारकांच्या भारतातल्या यादीत शेंगदाणा, दूध, गहू, सोया आहेत, तीळ नाही. त्यामुळे तिळाबद्दल वेगळं विचारायचं. काजू-पिस्त्याची ॲलर्जी असलेल्या काही मुलांना पेक्टिनचाही त्रास झाल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत. अशा मुलाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गमी द्यायची नाही. ॲलर्जी आहे की नाही हे बघायची ही जागाच नव्हे. चार वर्षांखालच्यांना गमी नको, घशात अडकते. बाकीच्यांनी बसून खायची.

एका वेळी तीनच नमुने, सारख्या आकाराचे, 417, 286, 953 असे आकडे टाकून. ‘अ’ आणि ‘1’ लिहिलं की मुलांना तेच पहिल्या नंबरचं वाटतं. प्रत्येकाला क्रम वेगळा द्या आणि पाठीला पाठ लावून बसवा, नाहीतर पहिल्याने तोंड वाकडं केलं की सगळेच वाकडं करतात. मध्ये साधं पाणी. चुरमुरे नकोत, भट्टीत त्यांच्या शेजारीच शेंगदाणे आणि फुटाणे भाजले जातात. मत खुणेने द्यायला कागदावर हसऱ्यापासून रडक्यापर्यंत चेहरे काढा: लहानांना तीन, आठ वर्षांपुढच्यांना पाच. ‘आवडलं ना?’ असं विचारलं की उत्तर ‘हो’च येतं. ‘यातली परत कुठली देऊ?’ असं विचारा आणि ताटलीत उरलेले तुकडे तोला. अर्धी खाऊन ठेवलेली गमी चेहऱ्याच्या खुणेपेक्षा खरं बोलते.

तुलनेसाठी ठेवलेल्या चायना ग्रासच्या (अगर, समुद्री शेवाळापासूनचं) नमुन्याला ‘कचकन तुटते’ हा शेरा पुन्हा पुन्हा येतो आणि तो बरोबर आहे: त्याची घडण ठिसूळ, चघळायला काही उरत नाही. पेक्टिनवालीला ‘लई भारी, पण अजून आंबट पाहिजे’. मोठ्यांना झोंबेल इतका आंबटपणा काही मुलं आवडीने मागतात. तो आत वाढवता येत नाही, पीएच घसरेल. म्हणून पुढच्या बॅचला बाहेरून आंबट साखर लावायची आहे: 50 ग्रॅम बारीक साखरेला 2 ग्रॅम सायट्रिक ॲसिड, गमी पूर्ण सुकल्यावरच, नाहीतर ॲसिड ओल खेचून घेतं आणि थर विरघळतो. साखर बारीक करायला मिक्सर नाही, चटणीचा खलबत्ता नाही आणि कणकेचं लाटणंही नाही. जाड पिशवीत घालून स्वच्छ धुतलेल्या स्टीलच्या तांब्याने कुटायची.