धुईतली मेणवली आणि भुरी

मार्गशीर्ष लागला की कृष्णेच्या खोऱ्यात धुई उतरू लागते. अशा सकाळी मी पावले मोजणारे घड्याळ घरी ठेवते, भुरीला छातीवरून बांधायचा पट्टा घालते आणि वाईजवळच्या मेणवलीच्या नदीकाठच्या घाटाकडे निघते. भुरी ही माझी पाच वर्षांची राखाडी मांजर आहे. घरापासून घाट जेमतेम तीनशे पावलांवर असला, तरी तिच्यासोबत तिथे पोहोचायला पाऊण तास लागतो, आणि त्या पाऊण तासासाठी मी वर्षभर थंडीची वाट पाहते.

आमच्याकडची धुई पाचगणीच्या पावसाळी धुक्यासारखी नसते. तिथे वाऱ्याने ढकललेला ढगच डोंगराला येऊन टेकतो, तर इथे धुई रात्रीतून जमिनीलगतच तयार होते. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की जमीन आपली ऊब भराभर सोडते, पसरणी आणि पांडवगडाच्या उतारांवरची जड, गार हवा घरंगळत खोऱ्याच्या तळाशी येते, आणि धोम धरणाच्या व नदीच्या पाण्यावरची दमट हवा तिच्यात मिसळली की वाफेचे थेंब होतात. हे थेंब इतके सूक्ष्म असतात की ते खाली पडत नाहीत, तरंगत राहतात. दृश्यमानता एक किलोमीटरच्या आत आली की हवामानशास्त्र त्याला धुके म्हणते. आमच्या घाटावर मात्र कित्येकदा दहा पावलांवरची पायरीही दिसत नाही.

मला नेमकी तीच गोष्ट आवडते. मांजरीला दूरचे माणसाइतके रेखीव दिसत नाही. तिचे जग जवळचे असते, आणि त्यापलीकडचे ती कानांनी, नाकाने आणि मिशांनी जाणून घेते. एरवी फिरायला निघाल्यावर माझी नजर पुढच्या वळणावर, सोनजाईच्या डोंगरावर, किंवा दिवसभराच्या कामांवर असते, आणि भुरी एकाच दगडाशी का थांबली आहे हे मला उमगत नाही. धुईत माझेही दूरचे सगळे पुसले जाते, आणि मग तिला जे पाहायचे आहे तेवढेच माझ्यासाठी उरते. त्या दिवशी वाट ती दाखवते आणि मी मागून चालते.

परवा ती हरभऱ्याच्या बांधावर जवळजवळ दहा मिनिटे बसून राहिली. हरभऱ्याच्या पानांवर जी आंब असते, ती दवात विरघळून आंबट होते. पूर्वी बायका पहाटे पिकावर स्वच्छ फडके फिरवून ती पिळून घेत आणि औषधाला ठेवत. भुरीने एका पानाला नाक लावले, तोंड किंचित उघडून वास आत ओढला आणि ती तशीच थबकली. मांजरांच्या टाळूशी वास ओळखणारे आणखी एक इंद्रिय असते, त्याचा उपयोग ती अशा वेळी करतात. मीही उकिडवी बसून एक पान चाखले. इतक्या वर्षांत मी त्या बांधावर कधी बसले नव्हते.

शेजारचे काका मात्र धुईकडे माझ्या डोळ्यांनी पाहू शकत नाहीत. ती चार-आठ दिवस टिकली तर आंब्याचा मोहोर काळवंडतो आणि वाटाण्यावर रोग पडतो. वाटाण्याच्या त्या पांढुरक्या रोगाचे नावही भुरीच, म्हणून ते माझ्या मांजरीला आवर्जून ‘राखुंडी’ अशी हाक मारतात. त्यांच्यासमोर मी धुईचे कौतुक करत नाही.

घाटावर पोहोचल्यावर भुरी चंद्रकोरीसारख्या वळलेल्या पायऱ्यांपैकी सर्वांत वरच्या पायरीवर बसते. इथल्या छोट्या मंदिरात टांगलेली मोठी घंटा १७३९ च्या वसईच्या मोहिमेनंतर मराठ्यांनी आणलेल्या घंटांपैकी एक आहे, आणि तिच्यावर १७०७ हे साल कोरलेले आहे. त्या सकाळी ती घंटा दिसत नव्हती, पलीकडचा काठ दिसत नव्हता, पाणीही दिसत नव्हते. भुरीचा एक कान मात्र सतत पाण्याकडे वळत होता. माणसाला साधारण वीस हजार हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात, तर मांजरीला साठ हजारांच्याही पुढचे. ती काय ऐकत होती हे मला कळणे शक्य नव्हते, तरी मी तिच्या कानाच्या दिशेने लक्ष दिले, आणि काही वेळाने मला पिंपळावरून ठिबकणारे थेंब पाण्यात पडताना ऐकू आले.

पट्टा मी कधीच सोडत नाही. धुईत मोकाट कुत्री अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाहीत, उसात बिबट्या असू शकतो, आणि घाबरलेले मांजर कुठल्या दिशेला पळेल याचा नेम नसतो. घरी आल्यावर तिला कोरड्या पंचाने पुसते. थेंब बहुधा वरच्या केसांच्या टोकांवरच थांबलेले असतात, पण पोटाखालची लव गवतातल्या दवाने भिजते, आणि ती ओली राहिली तर थंडी बाधते.

नऊच्या सुमारास पाण्यावरची धुई प्रथम वर उचलली गेली, मग पलीकडची चिंच दिसली, मग तिच्याखाली धुणे धुणारी बाई. ऊन भुरीच्या पाठीवर आले तेव्हा तिथला प्रत्येक थेंब वेगळा चमकत होता. तिच्या डोळ्यांतल्या बाहुल्या बारीक झाल्या, तिने अंग झाडले, आणि उचलून घेण्यासाठी माझ्या पायांवर पुढचे दोन्ही पंजे टेकले.