आंब्याच्या पेटीतून जमलेली ई-मेल यादी

रत्नागिरीजवळच्या आमच्या बागेतला हापूस थेट ग्राहकांना विकायचे ठरवले, तेव्हा जाहिरातीसाठी हाताशी पैसे नव्हते. म्हणून प्रत्येक पेटीत पेंढ्यावर एक चिठ्ठी ठेवली आणि पुढच्या हंगामाची खबर हवी असल्यास ई-मेल पत्ता कळवावा, एवढेच तिच्यावर लिहिले. यादी सावकाश वाढली, पण तीतला प्रत्येक जण स्वतःहून आलेला होता. विकतच्या याद्यांच्या वाटेला मी गेलो नाही, कारण न विचारता आलेले पत्र लोक स्पॅम ठरवतात आणि मग आपली खरी पत्रेही तिथेच जाऊन पडतात.

सुरुवातीला जीमेल पुरले. त्याच्या मोफत खात्यातून दिवसाला सुमारे ५०० जणांनाच पत्र जाते, आणि पत्ते ‘बीसीसी’त, म्हणजे एकाचा पत्ता दुसऱ्याला न दिसणाऱ्या रकान्यातच घालायला हवेत; एकदा घाईत मी ते ‘टू’मध्ये घातले आणि सर्वांचे पत्ते सर्वांना दिसले, याची खंत मला अजून आहे. पुढे स्वतःचे डोमेन, म्हणजे ई-मेल पत्त्यातले ‘@’ नंतरचे नाव घेऊन एसपीएफ आणि डीकेआयएम या नोंदी केल्या; पत्र खरोखर त्याच डोमेनवरून आले आहे, हे त्यांवरून पडताळता येते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलवर पत्रे पाठवणाऱ्या प्रत्येकाला त्यांपैकी किमान एक बंधनकारक आहे.

मोहोर कसा आला, पहिली तोड कधी, एवढेच मी हंगामातल्या चार पत्रांत लिहितो, आणि यादीतून नाव काढण्याचा दुवा प्रत्येक पत्राखाली ठळक ठेवतो.