आमची वाटचाल : भिंतीआडचं काम

नेटवर्क केबलिंगमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर, कॅमेरे जोडणाऱ्या वायरी ओढण्याच्या धंद्यात, नाव कमावणं कठीण. रंगाऱ्याचं काम माणूस गेला तरी भिंतीवर दिसतं. आमचं काम सीलिंगच्या शीट बसल्या की गडप. त्यामुळे कोटेशन उघडलं की सगळ्यांची नजर आधी तळाच्या आकड्यावर.

फर्म दोघांनी काढली. भागीदार वयानं मोठे, टेलिफोनच्या लाइनवर हात बसलेले. त्यांना सगळे काकाच म्हणायचे. त्यांचं क्रोन टूल अजून माझ्या बॅगेत आहे. मूठ घासून गुळगुळीत झालीय, पण पातं नीट ठेवलं तर ते आजही एका दाबात वायर स्लॉटमध्ये बसवतं आणि जादा टोक कापतं. पोरानं दोनदा दाबलं की काका तो पोर्ट पुन्हा करायला लावायचे. केबलमधल्या तारा जोडीजोडीनं पिळलेल्या असतात; त्या जोडीचा पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडलेला दिसला तरी तेच. पोरं वैतागायची.

आता ज्यामुळे फर्म बुडता बुडता राहिली ते सांगतो. एका मोठ्या ऑफिसचं काम तोंडी पक्कं झालं होतं. अनेक मजले, रॅक, कॅमेरे, सगळं. केबलचे ३०५ मीटरचे खोके उधारीवर उचलून गोडाऊन भरलं आणि ऐनवेळी काम दुसऱ्याला गेलं. त्याचा आकडा आमच्या नुसत्या मालाच्या खर्चाच्याही खाली. तेव्हाच ओळखलं की माल सीसीएचा आहे, म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. असला खोका उचलताच हलका लागतो, आणि तार ब्लेडनं खरवडली की आत पांढरी निघते. हे मी त्यांच्या आयटीवाल्या साहेबांना समजावलं. ते म्हणाले, "टेस्टरवर लाइट तर सगळे लागतायत ना?" आमची दोन चांगली पोरंही त्याच स्पर्धकाकडे गेली, ते वेगळंच.

काही महिन्यांनी त्याच साहेबांचा फोन आला. कॅमेरे दिवसा चालतात, रात्री बंद-चालू होतात. होणारच! अंधार पडला की कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात, करंट वाढतो, आणि पीओईवर, म्हणजे नेटवर्कच्याच केबलमधून येणाऱ्या विजेवर, चालणाऱ्या लांबच्या कॅमेऱ्यापर्यंत व्होल्टेज पुरत नाही, कारण सीसीएचा रोध तांब्यापेक्षा जास्त. शिवाय काही पॉइंट क्रिंप करताना, म्हणजे प्लगमध्ये तारा दाबून बसवताना, १-२, ३-४, ५-६, ७-८ अशा जोड्या सरळ ओळीत लावलेल्या. दोन्ही टोकं सारखी, म्हणून साध्या टेस्टरवर आठही दिवे क्रमानं लागतात. पण ३ आणि ६ एकाच जोडीचे हवेत! नाहीतर क्रॉसटॉक होतो, म्हणजे एका जोडीतला सिग्नल दुसरीत घुसतो, आणि स्पीड मार खातो. लाइनचा दर्जा मोजणाऱ्या आमच्या सर्टिफिकेशन टेस्टरनं ते पॉइंट एकेक करून फेल दाखवले.

रिपोर्ट दिला. साहेबांनी तोच रिपोर्ट दाखवून स्पर्धकाकडून फुकटात पुन्हा वायर ओढून घेतली. आम्हाला काम मिळालं फक्त वरच्या मजल्याचं, आणि त्याचं पेमेंटही रखडवलं.

त्या काळात तारलं एका दातांच्या डॉक्टरबाईंनी. पहिल्या दवाखान्याचं वायरिंग आमचंच. नव्या जागेचं काम निघालं तेव्हा त्यांनी दुसरं कोटेशन मागवलंच नाही, वर निम्मे पैसे आगाऊ दिले. गोडाऊनमधले खोके तिथे लागले, उधारी फिटली. एक्स-रे मशीनजवळचा पॉइंट कुठे हवा यावर मात्र त्यांनी काकांशी तासभर वाद घातला, आणि त्यांचंच बरोबर निघालं.

पुढची वर्षं सुरळीत गेली. काका आता कामावर येत नाहीत.

घर बांधत असाल तर सांगतो, कोणी विचारलेलं नसलं तरी : वायफाय आहे म्हणून वायर टाळू नका, छतावरच्या ॲक्सेस पॉइंटलाही, म्हणजे वायफाय देणाऱ्या डबीलाही, मागून वायरच लागते. प्रत्येक खोलीत रिकामा पाइप टाकून ठेवा आणि त्यात ओढायची दोरी सोडा. विजेच्या वायरच्याच पाइपात नेटवर्कची केबल घुसवू देऊ नका. भिंतीतली ओढ ९० मीटरच्या आत ठेवा, पॅच कॉर्ड, म्हणजे दोन्ही टोकांच्या छोट्या जोडवायरी, धरून १००. आणि शेवटचं बिल द्यायच्या आधी पॉइंटवार टेस्ट रिपोर्ट मागा. "सगळं चालतंय" हा रिपोर्ट नव्हे.

तो स्पर्धक अजून धंद्यात आहे. हल्ली त्याच्या कोटेशनच्या पहिल्याच ओळीत 'शंभर टक्के तांबं' असं ठळक छापलेलं असतं. खालच्या अटी आमच्याच कोटेशनमधून उचलल्यात, क्रमसुद्धा न बदलता.